पत्त्यांच्या वहीचे स्थलांतर



घर बदलण्याचा प्रसंग बहुतेक कुटुंबांत केव्हा ना केव्हा येतोच. त्या वेळी भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, पाटा-वरवंटा ही मंडळी आधी गाडीत चढतात. देव्हारा सर्वांत शेवटी, पण सर्वांत जपून नेला जातो. या धांदलीत एक वस्तू मात्र हटकून मागे राहते. ती म्हणजे खुंटीला दोरीने लटकणारी, कडा झिजलेली पत्त्यांची वही. रद्दीवाला तिचे चार आणेही देणार नाही. परंतु पुढे घरात मंगलकार्य निघाले, आमंत्रणपत्रिका छापून आल्या आणि बेळगावच्या मावशीचा, बडोद्याच्या काकांचा पत्ता कोठे म्हणून शोधाशोध सुरू झाली, की तिची खरी किंमत कळते.

आज ही वही पुष्कळ ठिकाणी संगणकाच्या पोटात गेली आहे. एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पत्र धाडताना व्यक्तीचे नाव आणि यंत्राचे नाव यांमध्ये ‘ॲट’ हे चिन्ह घालण्याची युक्ती रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने १९७१ साली योजिली. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेटची सेवा १५ ऑगस्ट १९९५ पासून मिळू लागली. तेव्हापासून टपालाच्या पत्त्याशेजारी ई-मेलचा पत्ता लिहिण्याची प्रथा पडली आणि हळूहळू दोन्ही पत्ते कागदावरून उठून यंत्रात जाऊन बसले. सोय झाली यात संशय नाही. मात्र घर आपण आयुष्यात दोन-तीनदा बदलतो, तर संगणक दर सात-आठ वर्षांनी बदलावा लागतो; आणि प्रत्येक वेळी ती वही मागे राहण्याचा धोका असतो.

आमच्या शाळेवर असा प्रसंग गेल्या दिवाळीच्या सुटीत आला. कचेरीतील संगणक ‘विंडोज १०’ या प्रणालीवर चालत होता. त्या प्रणालीला नियमाने मिळणाऱ्या सुरक्षाविषयक दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या, आणि नवी प्रणाली पेलण्याइतके बळ त्या जुन्या यंत्रात नव्हते. नवा संगणक आला. जुन्या संगणकात ‘थंडरबर्ड’ नावाचा ई-मेलचा प्रोग्राम होता, आणि त्यातील ‘ॲड्रेस बुक’मध्ये माजी विद्यार्थ्यांच्या ४१२ नोंदी व नऊ गट होते.

ही वही आमच्या कचेरीतील निवृत्त कारकून बाईंनी सोळा वर्षे खपून तयार केलेली. दरवर्षी दहावीचा वर्ग बाहेर पडला की त्या एकेकाला गाठून पत्ता टिपून घेत. गरजू मुलांच्या वह्या-पुस्तकांचा आणि सहलीचा खर्च ज्या मदतनिधीतून चालतो, तो निधी या पत्त्यांवर धाडलेल्या पत्रांवरच उभा आहे. शिवाय प्रत्येक नोंदीखाली ‘टीप’ लिहिण्यास जी जागा असते, तिचा बाईंनी मोठा मार्मिक उपयोग केला होता. ‘वडील वारले; पत्र आईच्या नावे पाठवावे.’ ‘बोटीवर असतो, उत्तर सहा महिन्यांनी येते, पण येते.’ ‘आजोबांना दिसत नाही, नात वाचून दाखवते, अक्षर मोठे ठेवावे.’ असल्या टिपा दुसऱ्या कोणत्याही दप्तरात नव्हत्या. बाई आता हयात नाहीत. म्हणजे या वहीची दुसरी प्रत नव्हती आणि ती पुन्हा लिहून देणारेही कोणी उरले नव्हते.

हे काम मुख्याध्यापकांनी माझ्याकडे सोपविले. भाषा आणि इतिहास शिकविणाऱ्या व्यक्तीला हे काम कसे जमले, आणि त्याआधी कसे बिघडले, ते सांगितल्यास तुमच्याही उपयोगी पडेल असे वाटते.

काम सुरू करताच दहावीतील एक विद्यार्थी म्हणाला, “बाई, नव्या संगणकावर थंडरबर्ड घातला की पत्ते आपोआप येतील ना?” पुष्कळांची अशीच समजूत असते. येथे प्रोग्राम आणि वही यांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. थंडरबर्डची पहिली पूर्ण आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये निघाली. तो विनामूल्य आहे, आणि कोणीही तो नव्या संगणकावर पाच मिनिटांत बसवू शकतो. परंतु प्रोग्राम म्हणजे रिकामे कपाट होय. नवे कपाट आणले म्हणून जुन्या कपाटातील कागद त्यात आपोआप येत नाहीत. थंडरबर्ड आपली पत्रे, जुळणी आणि पत्ते हे सारे ‘प्रोफाइल’ नावाच्या एका वेगळ्या कप्प्यात ठेवतो. हा कप्पा सहसा नजरेस पडत नाही. प्रोग्रामच्या ‘हेल्प’ या सदरात ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’ म्हणून जे पान आहे, तेथून तो उघडता येतो.

या कप्प्यात वह्याही दोन असतात. एक आपण स्वतः लिहिलेली. दुसरी ‘कलेक्टेड ॲड्रेसेस’, म्हणजे आपण ज्यांना पत्र धाडले त्यांचे पत्ते प्रोग्रामने आपणहून गोळा केलेली. एकच वही नेली तर दुसरीतील पत्ते मागे राहतात. पुष्कळांच्या बाबतीत पत्ता ‘हरवतो’ तो येथेच. काही ठिकाणी तिसराही प्रकार आढळतो. पत्ते संगणकात नसून दूरच्या सेवेवरील खात्यात असतात, आणि संगणकाच्या पडद्यावर त्यांचे केवळ प्रतिबिंब दिसते. तुमच्या फोनमधील नावे जर अशा खात्याशी जोडलेली असतील, तर ती हलविण्याची गरजच नाही. नव्या यंत्रावर त्याच खात्याने प्रवेश केला की पुरे. म्हणून पहिला प्रश्न नेहमी हा विचारावा : वही प्रत्यक्ष कोठे आहे?

“मग ती फाईल उचलून तिकडे ठेवली की झाले!” हा दुसरा विचार. तोही सर्वस्वी चुकीचा नाही. परंतु त्यात मेख आहे. प्रत्येक प्रोग्राम आपली वही आपल्या खाजगी लिपीत लिहितो. थंडरबर्डने २०२० सालापर्यंत ‘मॉर्क’ नावाची एक विलक्षण गुंतागुंतीची लिपी वापरली. त्या वर्षीच्या ७८ व्या आवृत्तीपासून ती टाकून ‘एस्क्यूलाइट’ ही पद्धत घेतली. तेव्हा दोन्ही संगणकांवर प्रोग्राम एकच आणि आवृत्ती जवळपास सारखी असेल, तरच फाईल किंवा सबंध प्रोफाइल जसेच्या तसे उचलून नेणे सोयीचे. तेही प्रोग्राम बंद करून. सबंध प्रोफाइलबरोबर शाळेची जुनी पत्रे आणि परवलीचे शब्दही जातात, हे आणखी एक. आम्हाला केवळ पत्ते न्यावयाचे होते. त्यासाठी वहीची अशा रूपात नक्कल करावी लागते, की जे रूप कोणत्याही प्रोग्रामला वाचता येईल. या क्रियेला ‘एक्स्पोर्ट’ म्हणजे निर्यात, आणि दुसऱ्या बाजूने ती नक्कल आत घेण्यास ‘इंपोर्ट’ म्हणजे आयात म्हणतात.

अशी सर्वमान्य रूपे मुख्यतः तीन आहेत.

पहिले ‘सी.एस.व्ही.’ हे सर्वांत साधे. एका ओळीत एक व्यक्ती. नाव, आडनाव, ई-मेल, दूरध्वनी हे सारे स्वल्पविरामांनी अलग केलेले. पत्त्यातच स्वल्पविराम असेल, जसे ‘देऊळवाडा, फोंडा’, तर तो मजकूर अवतरणचिन्हांत कोंडला जातो. हे रूप कोणालाही वाचता येते. परंतु त्यात गटांना जागा नसते.

दुसरे ‘एल.डी.आय.एफ.’ मोठ्या संस्थांच्या नामसूच्या एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात नेण्यासाठी ते निर्माण झाले. त्याचे नियम २००० साली प्रसिद्ध झाले. यात प्रत्येक गोष्ट वेगळ्या ओळीवर, आधी तिचे नाव आणि मग तिचे मूल्य अशी लिहितात. याचा मोठा गुण म्हणजे व्यक्तींबरोबर गटही जातात.

तिसरे ‘व्ही-कार्ड’. ॲपल, एटी अँड टी, आय.बी.एम. आणि सीमेन्स या चार कंपन्यांच्या ‘व्हर्सिट’ नामक संघाने १९९५ च्या सुमारास ते पुढे आणले. त्याची चौथी आवृत्ती २०११ साली ठरली. आपण भेटीच्या वेळी जे नावाचे कार्ड देतो, त्याचेच हे यांत्रिक रूप. प्रत्येक कार्डाला आरंभाची आणि शेवटाची खूण असते. त्यामध्ये नाव, पत्ता, टीप, इतकेच काय, छायाचित्रही मावते. फोनलाही हेच कार्ड समजते.

या तिहींपैकी मी पहिले निवडले, कारण ते सोपे दिसले. आणि येथेच माझा पाय घसरला. निर्यात केलेली फाईल मी हिशेबाच्या कोष्टकांचा जो प्रोग्राम असतो त्यात उघडली. नावे नीट दिसली. चार रकाने सारखे केले, आणि प्रोग्रामने सुचविलेल्या साध्या प्रकाराने ती जतन केली. नंतर नव्या संगणकावर आयात करून पाहते, तो काय! ई-मेलचे पत्ते शाबूत होते. पण जेथे जेथे देवनागरी अक्षर होते तेथे तेथे प्रश्नचिन्हांची रांग उभी. बाईंच्या सोळा वर्षांच्या टिपा म्हणजे नुसती प्रश्नचिन्हे. शिवाय गोव्यातील घरगुती दूरध्वनीच्या क्रमांकाआधी ०८३२ हा आकडा असतो, त्यातील आरंभीचे शून्य सर्वत्र गळून पडले होते. कारण कोष्टकाच्या प्रोग्रामला ती एक संख्या वाटली, आणि संख्येच्या डावीकडील शून्याला गणितात किंमत नसते. परदेशच्या लांब क्रमांकांचेही त्याने असेच काहीतरी करून ठेवले होते. सुदैव एवढेच, की मूळ वही जुन्या संगणकात अजून होती. निर्यात म्हणजे नक्कल. मूळ त्याने हलत नाही. ती पुसून टाकण्याची घाई मी केली असती तर आज हा लेख लिहिण्याचे धैर्य मला झाले नसते.

हे कसे घडले, ते समजून घेण्यासारखे आहे. यंत्राला अक्षर ठाऊक नसते. त्याला केवळ अंक ठाऊक असतात. कोणता अंक म्हणजे कोणते अक्षर, हे संकेताने ठरवावे लागते. जुन्या संकेतांत एका अक्षराला एकच घर, ज्यास ‘बाइट’ म्हणतात, दिलेले असे. आणि एका बाइटमध्ये २५६ हून अधिक वेगळ्या खुणा मावत नाहीत. इंग्रजी आणि युरोपातील काही भाषांची अक्षरे बसली की ती जागा संपे. जगातील सर्व लिप्यांना जागा देण्याच्या हेतूने ‘युनिकोड’ निर्माण झाला. त्याची पहिली आवृत्ती १९९१ ची. त्यातील अक्षरे साठविण्याची ‘यू.टी.एफ.-८’ ही पद्धत केन थॉम्प्सन व रॉब पाइक यांनी १९९२ साली योजिली. या पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, तर आपल्या ‘क’ला तीन.

माझ्या हातून झाले ते असे : यू.टी.एफ.-८ मधील मजकूर मी नकळत जुन्या संकेतात जतन केला. त्या संकेतात ‘क’ला घरच नाही. ज्याला घर नाही त्याच्या जागी प्रोग्रामने प्रश्नचिन्ह ठेवले आणि अक्षर टाकून दिले. एकदा टाकलेले अक्षर त्या फाईलमधून पुन्हा मिळत नाही.

येथे तीन अवस्था नीट ओळखण्यास शिका. त्यांचा उपयोग तुम्हाला जन्मभर होईल. पडद्यावर प्रश्नचिन्हे दिसली आणि फाईल तशीच जतन झाली असेल, तर मजकूर गेला असे समजावे. परंतु एकेका देवनागरी अक्षराच्या जागी दोन-तीन विचित्र परदेशी चिन्हे दिसत असतील, तर घाबरू नये. मजकूर सहसा शाबूत असतो, केवळ चुकीच्या किल्लीने कुलूप उघडण्याचा प्रयत्न चाललेला असतो. अशा वेळी काहीही जतन न करता फाईल बंद करावी आणि यू.टी.एफ.-८ हा पर्याय निवडून पुन्हा उघडावी. तिसरी अवस्था एल.डी.आय.एफ. मधील. त्या नियमांनुसार इंग्रजीखेरीज अन्य लिपीतील मजकूर साध्या रोमन अक्षरांच्या वेषात लिहिला जातो, आणि तो वेष घातला आहे हे सांगण्यासाठी विसर्गासारखे दोन टिंबांचे चिन्ह दोनदा मांडतात. दुसऱ्या खेपेस मी हीच फाईल केली तेव्हा तो दहावीचा विद्यार्थी तीत डोकावून म्हणाला, “बाई, ही तर पहिलीहून बिघडली! मराठी कोठेच नाही.” त्याला सांगितले, की थांब, वेषांतर केलेला मनुष्य हरवलेला नसतो. आयात होताच एकूण एक नाव देवनागरीत उभे राहिले, तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

आता प्रत्यक्ष कृती क्रमाने सांगते. प्रथम जुन्या संगणकावर ॲड्रेस बुक उघडून दोन्ही वह्यांतील नोंदींची संख्या कागदावर लिहून ठेवावी. नंतर एकेका वहीची निर्यात करावी. गट असतील तर एल.डी.आय.एफ. निवडावे, छायाचित्रे हवी असतील किंवा फोनमध्येही पत्ते न्यावयाचे असतील तर व्ही-कार्ड निवडावे, सी.एस.व्ही.च घ्यावयाचे असेल तर ‘यू.टी.एफ.-८’ असे नाव जोडलेलाच प्रकार घ्यावा, आणि ती फाईल मध्येच दुसऱ्या प्रोग्रामात उघडून जतन करू नये. फाईल पेन ड्राइव्हवर घ्यावी. नव्या संगणकावर थंडरबर्डच्या ‘टूल्स’ या सदरातील ‘इंपोर्ट’ने ती आत घ्यावी, मात्र एकदाच. तीच फाईल दोनदा आत घेतली, की प्रत्येक माणूस जुळा होऊन बसतो. सी.एस.व्ही. असेल तर कोणता रकाना कोणत्या जागी बसवावयाचा ते प्रोग्राम विचारतो. तेथे घाई केल्यास आडनावाच्या जागी गावाचे नाव जाऊन बसते.

यानंतरचे काम सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत उपेक्षित : पडताळा. संख्या जुळली की काम झाले असे पुष्कळ जण मानतात. माझ्या पहिल्या फसलेल्या प्रयत्नातही संख्या तंतोतंत ४१२ च होती! म्हणून संख्येबरोबर मजकूरही तपासावा. जोडाक्षरे असलेले एखादे नाव, सर्वांत लांब टीप, शून्याने आरंभ होणारा एखादा क्रमांक, परदेशचा एखादा पत्ता आणि एक संपूर्ण गट, एवढे जुन्या पडद्याशी ताडून पाहावे. आम्ही मात्र सर्व नोंदी ताडल्या. दहावीच्या दोघा मुलींनी आळीपाळीने वाचून दाखविल्या. दोन दुपारी त्यात गेल्या.

त्या दोन दुपारी वाया गेल्या नाहीत. जुनी चूकही सापडली. पोर्तुगीज अमदानीतील कागदपत्रांत आपली आडनावे निराळ्या वर्णांनी लिहीत. ‘कामत’ हे नाव त्यांत ‘कामोतीम’ होई, आणि रोमन लिपीत दोहोंचे आद्याक्षरही वेगळे. त्यामुळे एकच गृहस्थ वहीत दोन ठिकाणी, एकमेकांपासून दूर, दोन माणसे होऊन नांदत होते, आणि त्यांना प्रत्येक पत्र दोनदा जात होते. यंत्राने वर्णानुक्रम बिनचूक लावला होता; पण हे दोघे एकच, हे ओळखण्यास गावातील नावे जाणणारा माणूसच लागला.

एक इशारा मात्र दिलाच पाहिजे. निर्यात केलेली फाईल कुलूपबंद नसते. जिच्या हाती पेन ड्राइव्ह पडेल ती कोणतीही व्यक्ती ती वाचू शकते. वहीतील पत्ते आपले नव्हेत. दुसऱ्यांनी विश्वासाने आपल्यापाशी ठेवलेली ती ठेव आहे. कोणाचे वडील वारले, कोणाची दृष्टी गेली, हे चव्हाट्यावर मांडण्याचे नसते. आपल्या देशात व्यक्तिगत माहितीच्या रक्षणासाठी २०२३ साली स्वतंत्र कायदाही संमत झाला. परंतु कायदा नसता तरी सौजन्याने हेच सांगितले असते. यास्तव काम होताच पेन ड्राइव्हवरील नक्कल पुसावी, एक प्रत शाळेच्या कपाटात कुलपात ठेवावी, आणि ती फाईल सहज म्हणून कोणाच्या फोनवर पाठवू नये. जुना संगणक आम्ही महिनाभर तसाच राखला, आणि नव्या वहीवरून एकदा सर्वांना पत्रे गेल्यावरच तो रिता करण्यास दिला.

ती पत्रे डिसेंबरात गेली. आजोबांच्या पत्राचे अक्षर मोठे ठेवले होते. बोटीवरील माजी विद्यार्थ्याचे उत्तर अजून आलेले नाही. परंतु बाईंनी लिहून ठेवले आहे, की ते येते.

मित्रहो, तुमच्या घरातही अशी एखादी वही असेल; आजीच्या पेटीत, वडिलांच्या जुन्या संगणकात किंवा आईच्या फोनमध्ये. येत्या रविवारी ती कोठे आहे ते शोधा, तिची एक नक्कल करा, आणि ज्यांनी ती लिहिली त्यांच्याजवळ बसून प्रत्येक नावापुढे तो माणूस आपला कोण, ते टिपून घ्या. नक्कल यंत्र करील. ही टीप मात्र लिहिणारी माणसे आहेत तोवरच मिळते.